वहीत नसलेलं गाऱ्हाणं

"काका, लिहून घ्या," असं म्हणत कुणी दुकानाची पायरी चढलं की समजावं, एकतर त्याच्या दारासमोरचं गटार तुंबलंय, नाहीतर त्याच्या शेजाऱ्याने भिंत हातभर पुढे सरकवलीय. समुद्रकाठच्या त्या लहानशा गावात दुसरं घडणार तरी काय? नळाला पाणी खारट येतं, दिवे खांबावर असतात पण पेटत नाहीत, पोस्टातला पंखा फिरतो तेव्हा तिकिटं उडतात. माणसाला या सगळ्याचा त्रास होतो, आणि त्रास झाला की तो कुणाच्या तरी कानावर घालावासा वाटतो. हे गाव तो खबरकाकांच्या कानावर घालत असे.

खबरकाकांचं दुकान झेरॉक्सचं. बाजाराच्या रस्त्यावर, धक्क्याकडे वळण्याआधी. दोन मशिनं, एक लॅमिनेशनचं यंत्र, पासपोर्ट फोटोसाठी मागे निळा पडदा आणि काउंटरमागे भिंतभर कप्पे. त्या कप्प्यांत जन्मदाखल्यापासून नळजोडणीपर्यंत सगळ्या सरकारी अर्जांचे नमुने. दुकान त्यावर चालायचं, पण काकांचा जीव होता 'गावखबर'मध्ये. दर शुक्रवारी निघणारा, पाठपोट छापलेला एक कागद, एवढंच ते वर्तमानपत्र. पुढच्या बाजूला लाँचचं वेळापत्रक, कुणाकडे बाळ झालं, कोण गेलं, कुणाची शेळी हरवली. मागच्या बाजूला शब्दकोडं आणि 'कुरकुर' नावाचं सदर. कागद हातात पडला की लोक आधी उलटा करत.

'कुरकुर' काका स्वतः लिहीत आणि झकास लिहीत. सहा महिने न पेटलेल्या दिव्याच्या खांबाचा त्यांनी 'सेवानिवृत्तीबद्दल' सत्कार केला होता. खाली सही असे, 'एक सोशिक नागरिक'. कोपऱ्यावरचा शिंपी तर ही सदरं कापून आरशाभोवती चिकटवायचा आणि कपडे शिवायला आलेल्यांना वाचून दाखवायचा. "काय उतरवलीय, काय उतरवलीय," असं लोक म्हणत, आणि काका चष्मा पुसत नम्रपणे हसत. खांबाचं पुढे काय झालं? काही नाही. तो तसाच काळोखात उभा राहिला. वाचून हसू आलं की गाऱ्हाण्याचा निम्मा भार उतरतो आणि उरलेला निम्मा सवयीने उतरतो. तुमच्या-माझ्या गावात तरी वेगळं काय होतं?

आता भोंग्याचं ऐका.

धक्क्याच्या टोकाला एक जुना भोंगा आहे. धुकं उतरलं की तो दर मिनिटाला एकदा वाजवायचा. पैलतीरावरून माणसं घेऊन येणारी लाँच त्या आवाजावर येते. लाँचवाल्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा हिशेब साधा: भोंगा डाव्या कानाला ठेवायचा आणि सरळ यायचं. लाँचने येताना धक्क्याच्या डाव्या अंगाला पाण्याखाली खडक आहेत, ते मग आपोआप चुकतात. डोळ्यांना काही दिसलं नाही तरी चालतं, कान शाबूत हवा.

भोंगा सांभाळणाऱ्या माणसाला गाव भोंगेबुवा म्हणायचं. एका सोमवारी यंत्राचा पट्टा तुटला. बुवा टोपी काढून घाम पुसत थेट काकांच्या दुकानात आले.

"काका, भोंगा बसला. पट्टा तुटलाय. जरा छापा की."

"छापा म्हणजे काय बुवा, पहिल्या जागी छापतो."

"तुमचा अंक बंदर कचेरीत जातो ना?"

"दर शनिवारी टपालाने. एक प्रत साहेबांच्या नावाने."

"मग झालं तर. कळेल त्यांना." बुवांनी टोपी डोक्यावर ठेवली. बंदर कचेरी बसने दीड तास. जायचं म्हणजे पाळी बुडणार, साहेब जागेवर असतील की नाही देव जाणे. छापून येणार म्हटल्यावर बुवा मोकळे झाले.

त्या शुक्रवारी काकांनी लिहिलं, 'भोंग्याचा घसा बसला, गावाला झोप लागली'. पुढच्या शुक्रवारी लिहिलं, 'भोंगा मौनात. संसारी पुरुषांनी आदर्श घ्यावा'. हे दुसरं तर इतकं गाजलं की त्या अंकाच्या प्रती संपल्या आणि काकांना आणखी काढाव्या लागल्या. तो सगळा हंगाम कोरडा, लखलखीत गेला होता. धुक्याचा पत्ता नव्हता. भोंग्याचं कुणाला काही अडलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू होता, दुसरा डोळा आधीपासूनच अधू, आणि इस्पितळ पैलतीरावर. बुधवारी ऑपरेशन, रात्र तिथेच बहिणीकडे काढायची आणि गुरुवारी सकाळच्या लाँचने परत.

"मी येतो बरोबर," काका म्हणाले खरे, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. गुरुवार हा छपाईचा दिवस.

काकूंनी एवढ्या वर्षांत तो आवाज चांगला ओळखला होता. "राहू द्या. अंक अडकेल तुमचा. माझी बहीण येईल सोबत पोचवायला."

"नक्की ना?"

"नक्की. डोळा माझा आहे, तुम्ही येऊन काय त्याच्यात बघणार?" असं म्हणून त्या हसल्या. काकाही हसले, आणि आतून सुटल्यासारखं वाटलं म्हणून त्यांना जरा लाजही वाटली.

बुधवारी दुपारी मेहुणीचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर पट्टी आणि वर प्लास्टिकची झापड. डॉक्टरांनी बजावलंय, धक्का लागता कामा नये, पाणी जाता कामा नये. सकाळी आठच्या लाँचला बसतोय, पावणेनऊपर्यंत पोचू.

गुरुवारी काका सातलाच दुकानात आले. तिसरी कुरकुर लिहून तयार होती. मशीन तापत होतं, कोऱ्या कागदांचा गठ्ठा उकललेला होता. साडेसात-पावणेआठला त्यांनी मान वर केली तेव्हा समोरच्या सलूनची पाटी नेहमीसारखी स्वच्छ दिसत होती. आठ वाजून दहा मिनिटांनी पुन्हा वर केली तर पाटी नव्हती. सलूनच नव्हतं. रस्त्यावर कुणीतरी पांढरा पडदा सोडल्यासारखं झालं होतं आणि त्याच्या पलीकडून एक सायकलची घंटा वाजत गेली.

काका उठून दारात आले. हवा ओली होती. चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी तो पुसला, पुन्हा घातला, तरी काही दिसेना. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण कशाची तरी वाट बघतोय. कान लावून आपण भोंग्याची वाट बघतोय. आणि तो वाजणार नाही हे आपल्यालाच सगळ्यात आधी माहीत होतं, दोनदा छापलं होतं.

लाँच आठला सुटली असणार. म्हणजे ती आता पाण्याच्या मधोमध असणार.

त्यांनी मेहुणीला फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला.

"भाऊजी?" मागे इंजिनाचा आवाज आणि माणसांचा गलका. "अहो भाऊजी, काही दिसत नाही इथे. हाताचं बोट दिसत नाही. लाँचवाला म्हणतोय भोंगा..." आणि फोन कटला. मग लागलाच नाही.

काकांनी दुकान उघडं टाकलं आणि ते धक्क्याकडे धावले. धावले म्हणजे काय, साठीचा माणूस जेवढा धावू शकतो तेवढे. धक्क्यावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. कुणाची मुलगी लाँचवर होती, कुणाचा भाऊ. शिंपी गळ्यात टेप घालूनच आला होता, त्याची म्हातारी आई तपासणीसाठी पैलतीरी गेली होती आणि आज परत येणार होती. भोंगेबुवा भोंग्याच्या खोलीच्या दारात उभे राहून शिट्टी फुंकत होते. साधी पोलिसांची असते तसली शिट्टी. चार हातांवर तिचा आवाज धुक्यात जिरत होता.

"बुवा, काहीतरी करा हो," काका म्हणाले.

"काय करू काका? पट्ट्याशिवाय यंत्र फिरणार कसं?" बुवांचे डोळे लाल झाले होते. "छापलं होतं ना आपण. दोनदा छापलं होतं."

"कचेरीला फोन लावा."

"लावलाय. तुम्हीच बोला, माझी जीभ वळत नाही."

बंदर कचेरीतल्या कारकून बाईंनी फोन घेतला. आवाज शांत, कामाचा. काकांनी भडाभडा सगळं सांगितलं. लाँच, धुकं, भोंगा, पट्टा.

"थांबा हं, नोंदवही बघते." पानं उलटल्याचा आवाज आला. "भोंगा नादुरुस्त असल्याची नोंद नाही माझ्याकडे."

"नोंद नाही म्हणजे? तीन आठवडे होत आले, बंद आहे तो. आम्ही 'गावखबर'मध्ये दोनदा छापलंय. तुमच्याकडे अंक येत नाही का?"

"येतो की. वाचते मी. शब्दकोडंही सोडवते. भोंग्याचं वाचून हसलेसुद्धा." बाईंनी वही मिटल्याचा आवाज आला. "पण काका, वाचलेल्यावर सामान सुटत नाही, नोंदीवर सुटतं. मला वाटलं, एवढं छापून आलंय म्हणजे भोंगेवाल्याने नोंद केव्हाच पाठवली असेल, वरच्या साहेबांकडे असेल. इथे वहीत ओळ नाही, मग मी कपाट कशाच्या आधारावर उघडू?"

"कसलं कपाट?"

"पट्ट्याचं. दोन नवे पट्टे माझ्या मागच्या कपाटात आहेत. नादुरुस्तीचा अर्ज आला असता तर त्याच दिवशी बसने पाठवले असते. एका पानाचा अर्ज असतो, भोंगेवाल्याने नाहीतर कुणाही रहिवाशाने भरला तरी चालतो."

"तो अर्ज मिळतो कुठे?" काकांनी विचारलं.

मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्याच दुकानात मिळतो, काका. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक अर्जाच्या खाली तुमच्या दुकानाचा शिक्का असतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण काकांनी आपल्या सदरात निदान दहा वेळा दुसऱ्यांवर वापरली असेल. फोन कानाला तसाच धरून ते उभे राहिले. तिसऱ्या रांगेतला, खिडकीजवळचा कप्पा. 'बंदर विभाग, नादुरुस्ती कळवण्याचा नमुना'. मागच्याच महिन्यात त्यांनी त्याच्या शंभर प्रती काढून ठेवल्या होत्या. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते त्यांना त्या दगडी धक्क्यावर उभं राहून कळलं.

"मी जीप काढायला सांगते, पट्टा घेऊन माणूस निघतोय," बाई म्हणत होत्या. पण जीप झाली तरी तासाभराचा रस्ता होता.

तासभर कोण थांबणार? माणूस घाबरला की त्याला काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही, आणि काका फार घाबरले होते. बाजाराच्या रस्त्यावर बर्फाचा ट्रक उभा होता. त्याचा हॉर्न गावाला ठाऊक होता, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. काका मागे पळत गेले, ट्रकवाल्याला म्हणाले, "वाजव. दर मिनिटाला वाजव. हात काढू नकोस."

ट्रक धक्क्यावर नेता येत नव्हता, वाटेत लोखंडी खांब होते. त्याने रस्त्यावरूनच हॉर्न दाबला. जबरदस्त आवाज गेला. धक्क्यावरच्या माणसांना धीर आला. "काकांचं डोकं चाललं," असं शिंपी म्हणाला. दर मिनिटाला हॉर्न वाजत राहिला आणि जरा वेळाने धुक्यातून इंजिनाची धडधड ऐकू आली. जवळ येत होती. लोक पुढे सरसावले.

फक्त भोंगेबुवा शिट्टी हातात धरून डोकं एकीकडे कलवून ऐकत होते. "आवाज तिकडून का येतोय?" ते म्हणाले. "लाँच तिकडे का चाललीय?" मग त्यांनी शिट्टी टाकून दिली आणि ते बाजाराच्या दिशेने ओरडत पळत सुटले. "बंद कर! हॉर्न बंद कर!"

काकांना समजायला दोन क्षण लागले. लाँचवाल्याने आवाज ऐकला होता. त्याला वाटलं, भोंग्याचीच सोय केलीय गावाने. त्याने तो डाव्या कानाला ठेवला आणि सरळ आला. पण ट्रक धक्क्याच्या टोकाला नव्हता. ट्रक बराच डावीकडे, रस्त्यावर होता. आणि ट्रक आणि धक्का यांच्या मधे खडक होते.

लाकूड मोडल्यासारखा एक आवाज झाला. इंजिन बंद पडलं. आणि मग त्या पांढऱ्या आंधळ्या हवेतून माणसं ओरडू लागली.

त्यानंतरचा अर्धा तास काकांना नीट आठवत नाही, आणि जेवढा आठवतो तेवढा ते कुणाला सांगत नाहीत. दोन मच्छीमारांनी लहान होडी लोटली. होडीला लांब दोरी बांधली, तिचं दुसरं टोक धक्क्यावरच्या खांबाला, म्हणजे परत येताना दोरीला धरून यावं. ते ओरडण्याच्या दिशेने वल्हवत गेले. काका दोरी सोडणाऱ्यांत उभे होते. दोरी हातातून सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती. एका क्षणी ती बराच वेळ हललीच नाही. काकांच्या बाजूला शिंपी उभा होता, त्याचे ओठ हलत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

लाँच खडकावर तिरकी बसली होती, आत गुडघाभर पाणी. होडीने तीन खेपा केल्या. पहिल्या खेपेत लेकुरवाळ्या बाया आणि शिंप्याची म्हातारी आई आली. दुसऱ्या खेपेत मेहुणी आली, आणि तिच्या खांद्याला धरून काकू. लाँच आदळली तेव्हा त्या इंजिनाच्या पेटीवर पडल्या होत्या. डोळ्यावरची झापड फुटली होती आणि पट्टी समुद्राच्या पाण्याने भिजून गालावर चिकटली होती.

"तुम्ही का आलात पळत?" त्या काकांना म्हणाल्या. "धाप लागलीय तुम्हाला."

सगळी माणसं वाचली. हे आधीच सांगून टाकतो, उगाच वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही. एकाचं मनगट मोडलं, चार जणांना टाके पडले. अकरा वाजता ऊन पडलं आणि धुकं असं निघून गेलं की जणू आलंच नव्हतं. बंदर कचेरीची जीप साडेनऊलाच पोचली होती. माणसांची सोय लावल्यावर बुवांनी पट्टा बसवला, दहा मिनिटं लागली. दुपारच्या स्वच्छ उन्हात त्यांनी एकदा भोंगा वाजवून पाहिला, आणि धक्क्यावरच्या बायका रडायला लागल्या.

काकूंच्या डोळ्याला मात्र मार बसला होता. काका आता सोबत गेले. दुसऱ्या लाँचने गेले, आठ दिवस इस्पितळाच्या बाकावर बसले. डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, डोळा राहील. उजेड कळेल, माणसं ओळखू येतील, पण बारीक अक्षर आता त्या डोळ्याने वाचता येणार नाही.

ते दोन शुक्रवार 'गावखबर'शिवाय गेले.

घरी आल्यावर काका खुर्ची ओढून काकूंच्या समोर बसले. मग म्हणाले, "माझ्यामुळे झालं. हॉर्न मी वाजवायला लावला."

"हॉर्नचं सोडा. तुम्ही घाबरला होतात. माझ्यासाठीच घाबरला होतात." काकू उशीला टेकल्या. "लाँचवर काय झालं ते सांगू? धुकं आलं आणि भोंगा वाजेना तेव्हा सगळे कुरकुरायला लागले. केव्हापासून बंद आहे, कुणी लक्ष देत नाही, एवढं बोंबललो तरी ढिम्म हलत नाहीत. मला काही दिसत नव्हतं, पट्टी होती, तेव्हा नुसती ऐकत बसले होते. आणि मग मी एकेकाला विचारलं, अहो, तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"मग?"

"एक म्हणाला, छापून आलंय की. दुसरी म्हणाली, तेच, छापून आलंय. लाँचवाल्याला विचारलं, तोही म्हणाला, काकू, काकांनीच छापलंय, आता आम्ही वेगळं काय सांगायचं? लाँचवर वीस माणसं होती. वीसही जणांना पक्कं माहीत होतं की भोंग्याचं काम चालू आहे, कारण सगळे तुमचा कागद वाचून हसले होते." त्यांनी पांघरूण वर ओढलं. "मला तेव्हा भीती वाटली बघा. लाँच आदळायच्या आधीच वाटली."

काकांनी मान खाली घातली. "मी काही चूक नव्हतं छापलं," ते पुटपुटले. "खरं तेच छापलं होतं."

"खरंच होतं. आणि काय सुरेख लिहिलं होतंत. पण तुम्ही गावाला सांगितलंत की भोंगा बंद आहे. गावाला ते माहीतच होतं. ज्याच्या हातात तुम्ही म्हणता त्या कपाटाची किल्ली होती, त्याला कुणी अर्ज केला? गाऱ्हाणं हे ज्याच्याकडे करायचं त्याच्याकडे केलं तर गाऱ्हाणं. बाकी सगळीकडे केलं तर ती करमणूक."

काका उठले, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. आपण आयुष्यभर गावाचं तोंड होऊन राहिलो याचा त्यांना फार अभिमान होता. पण गावाला तोंडं काय कमी होती?

सोमवारी सकाळी त्यांनी दुकान उघडलं. भोंगेबुवा येऊन बसले होते. आठ दिवसांत ते वाळल्यासारखे दिसत होते. काकांनी वीज विभागाच्या कप्प्यातून अर्जांचा गठ्ठा काढून काउंटरवर ठेवला, एक अर्ज बुवांपुढे सरकवला, एक स्वतः घेतला.

"आता कशाला काका? भोंगा तर सुरू झाला."

"दिव्याचा खांब आहे ना, तो." काकांनी पेनाचं टोपण काढलं. "वर्ष होत आलं. मी त्याचा सत्कार केला होता."

दोघांनी अर्ज भरले. मग अर्धा दिवस पाळी बुडवून, दीड तासाची बस पकडून, ते दोघे कचेऱ्यांच्या गावी गेले. विजेच्या कचेरीत खिडकीवरच्या माणसाने अर्ज पाहिला, वहीत ओळ लिहिली, पोचपावतीवर शिक्का मारला. सगळं मिळून सात मिनिटं. बाहेर येऊन काका पायरीवर बसले. बुवांना वाटलं, त्यांना चक्कर आली.

"सात मिनिटं, बुवा," काका म्हणाले. "एक वर्ष मी त्या खांबावर विनोद केले."

त्यानंतरच्या शुक्रवारी 'गावखबर' निघाली. मागच्या बाजूला 'कुरकुर' नव्हती. तिच्या जागी चार ओळींचं सदर होतं. कोणतं गाऱ्हाणं, कुणी कळवलं, कोणत्या कचेरीत, कोणत्या तारखेला. चारच गाऱ्हाणी. पहिलं खांबाचं, खाली काकांचं स्वतःचं नाव, 'सोशिक नागरिक' वगैरे काही नाही. आणि एका चौकटीत लिहिलं होतं:

'भोंगा बंद असल्याचं या पत्राने दोनदा छापलं आणि एकदाही कळवलं नाही. अपघाताचा निम्मा दोष या पत्राच्या संपादकाचा आहे. उरलेला निम्मा, वाचून हसलेल्या प्रत्येकाने आपापला वाटून घ्यावा.'

लोकांना राग आला. का नाही येणार? शिंप्याने तर तोंडावर सांगितलं, "काका, मजा गेली तुमच्या कागदातली. आणि दोष आमच्यावर कसला ढकलता? आम्ही साधी माणसं."

"तुमची आई लाँचवर होती," काका म्हणाले.

शिंपी गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत राहिला.

"होती," तो शेवटी म्हणाला. "दोरी हलत नव्हती तेव्हा मी..." त्याने नाक ओढलं आणि जरा घुश्शातच म्हटलं, "माझ्या दारासमोरचं गटार. दोन वर्षं तुंबलंय. ते कुणाला सांगायचं?"

काका वळले आणि कप्पे चाळू लागले. गटाराचा नमुना कुठे ठेवलाय ते त्यांना पटकन सापडेना, इतका तो कुणी मागितला नव्हता. सापडला तेव्हा त्याच्यावर धूळ होती. ती त्यांनी बाहीने पुसली.

नागरिकहो, गावं काही गप्प बसलेल्या माणसांनी बुडत नाहीत, गप्प माणसं आता राहिलीत कुठे? गावं बुडतात ती बोलून मोकळं झालेल्या माणसांनी. आपण पारावर बोलतो, फोनवर बोलतो, छापतो, हसतो, आणि आपलं कर्तव्य झालं असं समजून घरी जातो. ज्याने ऐकायला हवं त्याच्या वहीचं पान कोरंच राहतं. पुढच्या वेळी एखादं गाऱ्हाणं ओठांवर आलं, की फक्त एक प्रश्न स्वतःला विचारा: हे मी कुणाला सांगितलं?

काकूंना आता बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून गुरुवारी संध्याकाळी, छपाईला लावण्याआधी, काका त्यांना अंक वाचून दाखवतात. प्रत्येक गाऱ्हाण्यानंतर तारीख वाचतात, कचेरीचं नाव वाचतात. कधी एखाद्या ओळीपुढे दोन्ही नसतात, तेव्हा काका जरा अडखळतात, चष्मा काढतात. काकू त्यांच्या दिशेने बघत राहतात. मग काका ती ओळ खोडतात आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या बसची वेळ बघून ठेवतात.